नर्मदेच्या बेटावरील कबीरवड

बडोदे शहराच्या वायव्येस गोरवा म्हणून जी वस्ती आहे, तीत आमचे बिऱ्हाड आहे. एके काळचे हे वेगळे खेडे. आता शहराने ते पोटात घेतले आहे, आणि एका अंगास कारखान्यांच्या शेडी तर दुसऱ्या अंगास गावचे जुने तळे, अशा शेजारात आम्ही राहतो. आमच्या आळीत देशावरून आलेली कुटुंबे आहेत, रत्नागिरीकडची आहेत, आणि पेडण्याकडील कोंकणी बोलणारी दोन घरेही आहेत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी या सर्वांनी मिळून नर्मदेच्या बेटावरील कबीरवड पाहून यावा, अशी टूम निघाली. मुलांना नावेत बसावयाचे होते, वडील मंडळींना कबीरांचे दर्शन घ्यावयाचे होते, आणि आम्हांस त्या वडाविषयी ग्रंथांतरी जे वाचले होते ते डोळ्यांनी ताडून पाहावयाचे होते.

वडाच्या भेटीस बडोद्याहून निघावे यात एक औचित्य आहे. या शहराचे नावच मुळी वडावरून पडले आहे. शके ७३४ म्हणजे इ. स. ८१२ च्या सुमारास राष्ट्रकूटांच्या लाट शाखेतील कर्क सुवर्णवर्ष या राजाने भानु नामक ब्राह्मणास एक गाव दान दिले. त्या गावाचे नाव ताम्रपटात ‘वडपद्रक’ असे आहे, आणि ते अंकोट्टक म्हणजे आजचे अकोटा, याच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक असल्याचे म्हटले आहे. वटपद्रक म्हणा, वटोदर म्हणा, वड काही सुटत नाही. राष्ट्रकूट मूळचे दक्षिणेतले. त्यांच्यामागून नऊशे वर्षांनी पिलाजीराव गायकवाड आले तेही दक्षिणेतूनच. आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक, गवई अशी जी मराठी माणसे या वडाच्या गावी आली, त्यांचेच आम्ही शेपूट. ज्या झाडाने गावाला नाव दिले ते झाड कोठे होते, हे आज दाखविता येत नाही, आणि रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडेचे कितीतरी वड आमच्या डोळ्यांदेखत गेले. म्हणून वड पाहावयाचा तर भडोच जिल्ह्यात जावे लागते.

बडोद्यापासून भडोच सुमारे ७५ किलोमीटर आहे. हा सारा कानमचा मुलूख, काळ्या जमिनीचा नि कापसाचा. भडोचेजवळ झाडेश्वरापाशी मोठा रस्ता सोडला, की नर्मदेच्या उत्तर काठाने शुक्लतीर्थाकडे वाट जाते. शुक्लतीर्थाची कथा ऐकण्यासारखी आहे. चाणक्याच्या हातून घडलेल्या पातकांचे क्षालन व्हावे म्हणून त्याला काळ्या शिडाच्या नावेत बसवून नर्मदेत सोडले. जेथे ते शीड आपोआप पांढरे होईल तेथे तो शुद्ध झाला असे समजावे, असे ठरले होते. आणि ते येथे पांढरे झाले. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. आम्ही यात्रा आटोपल्यावर गेलो, तेव्हा घाटावर शांतता होती. तेथून पुढे मंगलेश्वराच्या बाजूस नावा लागतात.

गोव्याच्या वाचकांस बेटावर जाणे म्हणजे काय हे सांगावयास नको. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्यास पाण्यापलीकडच्या गावाची ओढ ठाऊक असते. नर्मदेच्या या बेटाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. दिवाडी, चोडण ही डोंगरउतारांची, पक्क्या पायाची बेटे. हे बेट नदीने स्वतः आणून टाकलेल्या गाळाचे. नदीने दिले आणि नदीच पुन्हा मागू शकेल, असे त्याचे अस्तित्व आहे. भरतीचे पाणी खंबायतच्या आखातातून भडोच ओलांडून येथपर्यंत चढते; म्हणून नाव केव्हा सुटेल आणि केव्हा रेतीत रुतेल, हे नावाडीच सांगू शकतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी उथळ होते, आणि शेवटचा टप्पा मंडळींनी वहाणा हातात घेऊन ओल्या रेतीतून चालत काढला.

काठ चढून आत गेल्यावर प्रथम दिसतात ती दुकाने: शिंगदाणे, चणे-कुरमुरे, खेळणी, शहाळी. मुलांसाठी झोपाळे आहेत, कबीरांचे मंदिर आहे, आणि सतरंज्या पसरून डबे सोडून बसलेल्या कुटुंबांचे घोळकेच्या घोळके. आणि झाड कोठे आहे? हा प्रश्न आमच्यातील प्रत्येकाने विचारला, आणि प्रत्येक वेळी उत्तर आले की आपण झाडातच उभे आहो. आमच्या पेडणेकर शेजाऱ्यांच्या आई पंच्याहत्तरीच्या आहेत, त्यांनी वर पाहिले, भोवती पाहिले आणि म्हणाल्या, “हें झाड न्हय, रान हें.” यापेक्षा नेमके वर्णन आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

आता ग्रंथांकडे वळू. या वडाविषयी तीन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात, आणि त्या तिन्ही एकाच दमात सांगितल्या जातात, ही त्यातली खरी अडचण.

पहिली गोष्ट कबीरपंथीयांची. तत्त्वा आणि जीवा नावाचे दोघे ब्राह्मण बंधू येथे राहत. खरा गुरू मिळावा म्हणून त्यांनी वडाची एक वाळलेली फांदी जमिनीत रोविली, आणि ज्या संताच्या चरणतीर्थाने तीस पालवी फुटेल त्याला शरण जावयाचे, असा निश्चय केला. कित्येक साधू आले नि गेले. फांदी वाळलेलीच राहिली. शेवटी कबीर आले, त्यांचे पाय धुतलेले पाणी घालताच कोंब फुटला, आणि त्याचाच हा वड. दुसरी गोष्ट अशी, की वड तीन हजार वर्षांचा आहे. तिसरी अशी, की शिकंदराचा नौकासेनानी निआर्कस याने ज्या अवाढव्य वृक्षाचे वर्णन केले तो हाच.

या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असणे शक्य नाही. कबीरांचा काळ पंधरावे शतक. कोणी त्यांचा जन्म १३९८ चा धरतात, कोणी १४४० चा. तरी वडाचे वय सहाशेच्या फार पलीकडे जात नाही. कबीरांनी लावलेले झाड तीन हजार वर्षांचे कसे असेल? निआर्कसाची गोष्ट तर भूगोलालाच मान्य नाही. शिकंदर इ. स. पूर्व ३२६ मध्ये बियास नदीवरून मागे फिरला. निआर्कस सिंधू नदीने समुद्रास मिळाला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने इराणच्या आखातात गेला. नर्मदा त्याने पाहिलीच नाही. एरियनच्या ग्रंथात निआर्कसाच्या आधाराने असे आहे, की एकेका झाडाखाली दहा हजार माणसे सावलीस बसू शकत. पण ते हिंदुस्थानातील वडांचे सर्वसाधारण वर्णन आहे, कबीरवडाचे नव्हे. मिल्टन कवीने १६६७ साली आपल्या महाकाव्यात आदमाला लज्जारक्षणासाठी ज्या झाडाची पाने दिली तोही वडच. पण त्याने नाव घेतले ते मलबार आणि दख्खनचे. तरीदेखील कबीरवडाच्या वर्णनात मिल्टनचे नाव ओवण्याचा मोह लेखकांस आवरत नाही.

मग खात्रीचे असे काय? खात्रीचा भरपूर पुरावा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळतो, आणि तो ज्या माणसाने लिहून ठेवला त्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. जेम्स फोर्ब्स हा लंडनमध्ये १७४९ साली जन्मलेला इंग्रज. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस आला. हातात चित्रकला होती, आणि दिसेल ते टिपून ठेवण्याचा नाद होता. १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि कर्नल कीटिंग त्यांच्या मदतीस फौज घेऊन निघाला, तेव्हा फोर्ब्स कीटिंगचा चिटणीस होता. आडासच्या लढाईस, म्हणजे आनंद-बडोद्याच्या पट्ट्यात मे १७७५ मध्ये हरिपंत फडक्यांशी जी झुंज झाली तीस, तो हजर होता. त्यानंतर हरिपंत दक्षिणेकडे वळले आणि बाबा प्यारा या नावाने मराठ्यांच्या बखरी-पत्रांत गाजलेल्या उताराने त्यांनी नर्मदा ओलांडली; जाताना काही तोफा नदीत टाकाव्या लागल्या. हा उतार भडोचेच्या वरच्या अंगासच आहे. धनाजी जाधवांनी सत्तर वर्षांपूर्वी मोगलांची दाणादाण उडविली तीही याच भागात. कबीरवडाच्या आसपासची ही रेती मराठी घोड्यांच्या टापांखालून किती वेळा गेली असेल, हे सांगावयास नको.

फोर्ब्स पुढे भडोच येथे नोकरीस होता, आणि १७८० ते १७८३ डभईचा कलेक्टर. त्याने तीस वर्षांनी, १८१३ मध्ये, आपल्या आठवणींचे चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत कबीरवडाचे वर्णन आहे, आणि वडाचे त्याने काढलेले चित्रही छापलेले आहे. वडाचा मोठा भाग वेळोवेळी महापुरांनी वाहून नेला होता, हे तो प्रथमच नमूद करतो; म्हणजे त्याने पाहिला तो वडही पूर्वीच्या वडाचा अवशेष. तरी मुख्य खोडांभोवती दोरी धरली तर परीघ सुमारे २,००० फूट भरत असे. मोठी खोडे ३५० आणि लहान खोडे ३,००० हून अधिक. खाली सीताफळांची नि इतर फळांची झाडे वाढलेली. सात हजार माणसे त्या सावलीत आरामात विसावत, असे त्याला सांगण्यात आले. तीन हजार वर्षांची आख्यायिकाही त्याने ऐकली, निआर्कसाचीही ऐकली. आजपर्यंत चालत आलेल्या बऱ्याच गोष्टींचा उगम फोर्ब्सच्या पानांत सापडतो.

आज बेटावर जी सहलीची गर्दी दिसते ती काही नवी नाही, हेही त्याच्याच लिहिण्यावरून कळते. हिंदूंच्या जत्रा या झाडाखाली भरत, फौजांचे तळ पडत, आणि भडोचेचे इंग्रज साहेब शिकारीच्या निमित्ताने तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे येथे राहत. हारीळ, पारवे, मोर आणि वानरांचे कळप यांनी झाड भरलेले असे. शिकारीच्या अशाच एका मुक्कामाची हकीकत फोर्ब्सने सांगितली आहे. एका वडाखाली त्याच्या मित्राने एक वानरी मारली आणि तंबूत नेली. कळपाने तंबूला गराडा घातला. बंदूक दाखविताच बाकीचे मागे सरले, पण त्यांचा म्होरक्या हटेना. तो दारापर्यंत आला आणि केविलवाण्या आवाजाने ते प्रेत मागू लागला. शेवटी ते त्याच्या हवाली केले, तेव्हा त्याने ते कवटाळले आणि उचलून नेले. त्या मंडळींनी पुन्हा वानरावर बंदूक चालविली नाही. कंपनीच्या कारभाराविषयी आमचे मत काहीही असो, ही हकीकत लिहून ठेवल्याबद्दल फोर्ब्सला एक नमस्कार करावासा वाटतो. (डभईच्या जुन्या मूर्ती त्याने विलायतेस नेल्या आणि आपल्या बागेत देऊळ बांधून त्यात बसविल्या, याबद्दल तो नमस्कार थोडा आखडता घ्यावा लागतो.)

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. त्यानुसार १७८३ मध्ये डभई मराठ्यांकडे परत आली आणि फोर्ब्सने तिच्या किल्ल्या सोपविल्या. भडोच व तिचा परगणा महादजी शिंद्यांस मिळाला. १७८३ पासून २९ ऑगस्ट १८०३ पर्यंत, म्हणजे इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांकडून भडोच घेईपर्यंत, वीस वर्षे या प्रदेशावर शिंद्यांचा अंमल होता. आमच्या बडोद्यातील मराठी माणसांस गायकवाडी मुलखाची नाणी, नावे, वाडे तोंडपाठ असतात. पण नर्मदेकाठचा हा वीस वर्षांचा शिंदेशाही काळ आमच्या बोलण्यात कधी येत नाही. महिपतीने १७६२ साली भक्तविजयात कबीरांचे चरित्र गायिले, आणि मराठी घराघरांत ते वाचले गेले. त्या पोथीच्या श्रोत्यांपैकी कोणी शिंद्यांच्या चाकरीत भडोचेस आला असेल, तर बेटावरील वडाला कबीरांचे नाव आहे हे ऐकून तो परक्यासारखा खचित उभा राहिला नसेल.

इंग्रजी अंमल आल्यावर १८२५ मध्ये बिशप हेबर भडोचेस आला. वडाचा बराच भाग नदीने नेला, तरी जे उरले ते जगातील अत्यंत भव्य वनराजींपैकी एक आहे, असे त्याच्या रोजनिशीत आहे. पुढे गुजरातीतील आद्य अर्वाचीन कवी नर्मद याने कबीरवडावर कविता लिहिली, आणि ती वाचलेला गुजराती माणूस बेटावर पाऊल ठेवण्याआधीच वडाला ओळखत असतो. फोर्ब्स, हेबर, आणि त्यांच्यानंतर येणारे आपण: प्रत्येकास नदीने काही भाग नेलेला वडच पाहावयास मिळाला. विसाव्या शतकात १९७० चा पूर आला. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवराचे पाणी सोडल्यावर भडोच जिल्ह्यातील सखल भाग पुन्हा बुडाला. २०१७ साली पुऱ्या उंचीस गेलेल्या त्या धरणामुळे नदीचे वागणे पालटले आहे. एरवी पाणी थोडके, समुद्राची भरती आत, आणि वरून येणारा गाळ धरणाच्या मागे अडकलेला. गाळावर जगणाऱ्या बेटास हे मानवेल की नाही, हा प्रश्न उपाहाराच्या सतरंजीवरून सुचत नाही, पण ओल्या रेतीतून चालताना सुचतो.

आम्ही परीघ मोजून पाहावयाचे ठरविले होते. मुलांनी पावले मोजण्यास आरंभ केला, आणि पाचव्या मिनिटास वाद सुरू झाला. कारण हे खोड कबीरवडाचेच, की शेजारी रुजलेल्या दुसऱ्या वडाचे, हे कोणास सांगता येईना. मग “मूळ खोड कोणते?” असे आम्ही मंदिरापाशी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस विचारले. ते हसले आणि म्हणाले, “भाई, मूळ तो बधेज छे.” मूळ सगळीकडेच आहे! उत्तरात विनोद होता, पण वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते अगदी यथार्थ होते. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या उद्यानातील प्रख्यात वडाचे मूळ खोड एकोणिसाव्या शतकातील वादळांनंतर बुरशीने पोखरले गेले, आणि १९२५ साली ते कापून काढावे लागले. झाड आजही जिवंत आहे आणि वाढते आहे. वडाचे आयुष्य मधल्या खोडावर नसून पारंब्यांवर असते. म्हणून कबीरवड किती वर्षांचा, या प्रश्नास एक उत्तर नाही. उभी असलेली खोडे निरनिराळ्या काळची आहेत. कबीरांच्या काळचे लाकूड त्यात एखादे असेल वा नसेल. तरी झाड तेच आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पण मग सारा भार पारंब्यांवर येतो, आणि येथे आम्हांस आमच्या लहानपणाची आठवण होऊन थोडे ओशाळल्यासारखे झाले. सूरपारंब्यांचा खेळ न खेळलेला आमच्या पिढीचा मराठी मुलगा विरळा. आम्हीही गावच्या वडाला लोंबकळलो आहो, किती पारंब्या तोडल्या असतील याची गणती नाही. पारंबीचे टोक मऊ, पिवळसर, करंगळीहून बारीक असते. ते शाबूत राहून जमिनीस लागले तरच पुढे तिचे खोड होते. टोक खुडले, की तिची वाट खुंटते. शिबपुरास पारंब्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत उतरविण्याची काळजी घेतात. कबीरवडाखाली आम्ही पाहिले तेव्हा माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवरील बहुतेक पारंब्यांची टोके तुटलेली होती. खोडांवर खिळ्याने कोरलेली नावे होती, त्यांत बदामाच्या आकृतीतील जोडनावे अर्थातच पुष्कळ होती. जुनी खोडे नदी नेते. नव्या खोडांची सोय आपण होऊ देत नाही. फोर्ब्सच्या काळी साहेबांचे तंबू आठवडेच्या आठवडे येथे असत. पण त्यांची संख्या मूठभर होती. आज एका रविवारी जेवढे लोक उतरतात तेवढे त्याच्या एका वर्षात क्वचितच उतरले असतील. लोकांनी येऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. उन्हाळी दिवसांत शहरातल्या दोन खोल्यांत कोंडलेल्या कुटुंबास नदी, वाळू आणि एवढी सावली एकत्र कोठे मिळणार? मात्र प्रत्येक नावेतील माणसांस उतरताना पारंबीचे टोक म्हणजे काय, हे दाखविणारा एखादा माणूस काठावर उभा असावा, असे वाटते. खोडे मोजण्यापेक्षा पुढच्या खोडांची ही चिमुकली टोके मोजणे अधिक उपयोगाचे, असे आम्ही आळीतल्या मुलांस सांगितले. त्यांनी लगेच मोजावयास सुरुवात केली. हाताच्या उंचीत शाबूत अशी सात सापडली, आणि सातवीवर पुन्हा वाद झाला.

चारच्या सुमारास नावाड्याने हाक घातली. ओहोटी लागली होती. आणखी उशीर झाला असता तर नाव रुतली असती. पेडणेकर आजींनी मंदिरात नारळ ठेवला होता, त्याचा प्रसाद नावेत वाटला. परतताना भडोचेचा १८८१ चा जुना पूल पाहावयाचा राहून गेला, कारण मुले झोपली होती. रात्री गोरव्यास पोहोचलो, तेव्हा तळ्याकडच्या एका जुन्या भिंतीच्या फटीत वडाचे एक रोप उगवलेले आमच्या एका शेजाऱ्यांनी गाडीच्या दिव्यात दाखविले. भिंतीचा मालक ते उपटील की ठेवील, यावर मंडळींत दोन मते होती.